सीप्झच्या मुली आणि स्कॉटलंडचे शब्द

तू काय काम करतेस, असं सिंथिया तुस्कानोला कुणी विचारलं की ती आधी समोरच्याचा चेहरा निरखायची. माणूस घाईत असला तर "कॉम्प्युटरवर" म्हणून मोकळी व्हायची. सवडीने विचारणारा भेटला तर मात्र पदर खोचल्यासारखी सरसावून सांगायची, "मी स्कॉटलंडच्या जुन्या शब्दांच्या सोयरिकी जुळवते." मग समोरच्याचा जो चेहरा व्हायचा, तो बघण्यात तिला मोठी गंमत वाटायची. वसईच्या भुईगावात जन्मलेली, बारावीपर्यंत मराठीत शिकलेली, पन्नाशी उलटलेली बाई ऑस्ट्रेलियात बसून स्कॉटिश शब्दांचं मध्यस्थीचं काम करते, यावर पटकन कोण विश्वास ठेवणार?

पण खरं होतं ते. वॉलॉंगॉंगच्या एका छोट्या वारसा संग्रहात सिंथिया डेटाबेस सांभाळायची. नवरा मॅथ्यू पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात फिटर. त्याच्या व्हिसावर ती इकडे आली, मुलं शाळेत गेल्यावर कॉलेजात जाऊन डेटाबेसचा कोर्स केला, आणि या संग्रहात चिकटली ती चिकटलीच. संग्रह म्हणजे काय, तर या किनाऱ्यावरच्या कोळसा खाणींचा जुना पसारा. खाणीत उतरायला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडहून माणसं आली होती. दिवसभर कोळसा फोडायचे आणि घरी येऊन कविता लिहायचे. गावातल्या साप्ताहिकात त्यांच्यासाठी एक कोपराच राखलेला असायचा.

हे खाणकामगार लिहायचे आपल्या बोलीत, आणि या बोलीला कुणी लिहिण्याचे नियम घालून दिलेले नव्हते. ज्याच्या आईच्या तोंडी शब्द जसा, तसा त्याने उतरवला. एकाचं 'गिड' तर दुसऱ्याचं 'ग्यूड' आणि तिसऱ्याचं 'ग्वीड', आणि तिघांनाही म्हणायचं असतं 'चांगलं'. उत्तरेकडचा तर 'व्हॉट' म्हणायच्या ऐवजी चक्क 'फिट' म्हणणार. आता यांची पणतवंडं संग्रहाच्या वेबसाइटवर येऊन पणजोबांची कविता शोधायची, आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं की कॉम्प्युटर हात वर करायचा.

म्हणून सिंथियाने एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. आधी साधा हिशेब, एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी लागतात तो. जितकी कमी तितकं नातं जवळचं. पण तेवढ्याने भागेना, कारण 'फिट' आणि 'व्हॉट' अक्षरांनी परके आणि रक्ताने सख्खे भाऊ. मग तिने उच्चाराचे नियम घातले: या भागातल्या माणसाच्या तोंडी या आवाजाचा तो आवाज होतो. वसईकरणीला हे शिकवावं लागलं नाही. तिच्या घरची बोली एक, शाळेतली मराठी दुसरी, आणि अर्नाळ्याच्या मावशीची तिसरीच. एकच शब्द तीन घरांत तीन सोंगं घेऊन वावरताना बघतच ती वाढली होती.

चुका झाल्या, त्याही अगदी आपल्या पद्धतीच्या. व आणि व असे इंग्रजीत दोन असतात, हे मराठी कानाला पटतंच कुठे? तिच्या प्रोग्रॅमने 'व्हाइन' म्हणजे द्राक्षाची वेल आणि 'वाइन' म्हणजे द्राक्षाची दारू एकाच घरात नांदायला घातली. तिची मॅनेजर केरी-ऍन हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिली. "सिंथ, हे तुझं काम आहे हे मी डोळे मिटून सांगितलं असतं," ती म्हणाली. सिंथियाने कान पकडले, नियम दुरुस्त केला, आणि घरी जाऊन मॅथ्यूला सांगितलं. मॅथ्यू म्हणाला, "पण दोन्ही सारखेच आहेत ना?" झालं! घरातच पुरावा.

हे सगळं असं मजेत चाललं असतं, पण एके दिवशी हेलेन्सबर्गहून मोरागबाई आल्या.

हेलेन्सबर्ग म्हणजे वॉलॉंगॉंगच्या उत्तरेचं खाणीचं गाव. मोरागबाईंचं वय अठ्ठ्याऐंशी, हातात काठी, डोळ्यांना समोरचं माणूस सावलीसारखं दिसतं इतकीच नजर राहिलेली. जीभ मात्र धारदार. ट्रेनने एकट्या आल्या होत्या आणि येताच खुर्ची मागायच्या आधी त्यांनी काम सांगितलं. त्यांच्या आजोबांनी एक कविता लिहिली होती, खाणीत गाड्या ओढणाऱ्या जेस नावाच्या घोडीवर. साप्ताहिकात छापून आली होती. आजीला ती तोंडपाठ होती, आणि आजीकडून ती मोरागबाईंना. छापलेलं पान मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

"माझा पुतण्या म्हणतो, आजीने रचलेली गोष्ट आहे ती," त्या म्हणाल्या. "म्हणतो, आजोबांना सही करता येत नव्हती, ते कविता कसली लिहिणार! दर वर्षी आमच्या स्कॉटिश मंडळाच्या जेवणात तो ही गोष्ट जोक म्हणून सांगतो. लोक हसतात. मला ती कविता छापील कागदावरून वाचलेली ऐकायची आहे. त्याच्यासमोर. मला वाचता येणार नाही आता, पण ऐकू छान येतं."

"कधी असतं जेवण?" केरी-ऍनने विचारलं.

"स्प्रिंगमध्ये. या वर्षीचं मी नक्की गाठेन. पुढच्याचं मी बोलत नाही."

मग त्यांनी तिथेच, काठीवर दोन्ही हात ठेवून, कविता म्हणून दाखवली. सिंथियाने चटकन कागद ओढला आणि कानावर पडेल तसं देवनागरीत लिहून घेतलं. इंग्रजी अक्षरांत लिहायला गेली असती तर स्पेलिंगच्या भानगडीत दोन ओळी निसटल्या असत्या. अर्थ निम्मासुद्धा कळला नाही. पण मोरागबाईंचा आवाज शेवटच्या कडव्याला कापला, ते कळलं.

"मी शोधते," सिंथिया बोलून गेली. केरी-ऍनने तिच्याकडे पाहिलं. संग्रहात काम करणारं शहाणं माणूस असं वचन देत नाही. पण तोंडातून शब्द गेला होता.

त्यानंतर सिंथियाने त्या प्रोग्रॅमवर जे काही केलं त्याला मॅथ्यूच्या भाषेत 'घासून घासून भांड्याचं पितळ काढणं' म्हणतात. घोडीला स्कॉटिशमध्ये जितक्या तऱ्हांनी लिहिता येईल तितक्या घातल्या. जेस, खाण, कोळसा, अंधार, प्रत्येक शब्दाची सगळी भावकी गोळा केली. नियम सैल केले, तर प्रोग्रॅम कशालाही काहीही जोडायला लागला. नियम आवळले, तर सापडेनासंच झालं. हिवाळा सरत आला. मोरागबाईंचा दर आठवड्याला फोन यायचा. त्या कधी घाई करायच्या नाहीत, फक्त विचारायच्या, "काही?" आणि सिंथिया म्हणायची, "अजून नाही." फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच राग यायचा, आणि मग त्या बिचाऱ्या मेलेल्या खाणकामगारांचा. काय बिघडलं असतं मेल्यांचं, एकदा बसून स्पेलिंग ठरवून घेतलं असतं तर!

आणि मग एका सकाळी तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

झालं असं, की एका भलत्याच कामासाठी तिने साप्ताहिकाच्या एका पानाचा फोटो उघडला. शेजारच्या खिडकीत त्याच पानाचा मजकूर होता, कॉम्प्युटरने फोटोवरून वाचून काढलेला. पूर्वी कधीतरी बाहेरच्या कुठल्याशा कंपनीने तो करून दिलेला होता, आणि सिंथियाचा प्रोग्रॅम इतके महिने त्याच मजकुरात शोधत होता. तिची नजर सहज फोटोवरून मजकुरावर गेली, परत फोटोवर आली. पानावर एक शब्द होता, मजकुरात दुसराच. खालच्या ओळीत तसंच. त्याच्या खालच्या ओळीतही. ज्या यंत्राने पान वाचलं होतं त्याला स्कॉटिश येत नव्हतं, म्हणून प्रत्येक अनोळखी शब्दाच्या जागी त्याने जवळचा दिसेल तो इंग्रजी शब्द बसवून टाकला होता. मोठ्या सभ्यपणे, कुणाला न विचारता. कामगारांनी कवितेत लिहिलेलं अर्धंअधिक त्या मजकुरात नव्हतंच. शब्दांच्या सोयरिकी जुळवायला निघालेली ही बाई इतके दिवस रिकाम्या मांडवात वरमाला घेऊन उभी होती.

इतरांनी हे केलं असतं तर क्षम्य होतं. पण सिंथियाने? तिचं पहिलं कामच पान बघण्याचं होतं, आणि त्या कामाबद्दल तिने इथे कधी तोंड उघडलं नव्हतं. बारावीनंतर ती अंधेरीच्या सीप्झमध्ये, तिथल्या निर्यात-वसाहतीत, एका डेटा एंट्री कंपनीत लागली होती. परदेशातली जुनी पुस्तकं, वर्तमानपत्रं, शब्दकोश तिथे जहाजाने यायचे आणि वसई-विरार-ठाण्याच्या मुली ते टाइप करायच्या. एकच पान दोघींना, वेगवेगळ्या खोल्यांत. मग दोघींचं टाइप केलेलं कॉम्प्युटर एकमेकांवर ठेवून बघायचा, आणि जिथे फरक दिसेल तिथे तिसरी मुलगी मूळ पान काढून निकाल द्यायची. याला 'डबल की' म्हणायचे. तिथले सुपरवायझर अवधूत सर पहिल्याच दिवशी सांगायचे, "मुलींनो, डोकं घरी ठेवून या, डोळे घेऊन या. जसं दिसतं तसं टाइप करायचं. कळलं म्हणून सुधारलं, की गेली नोकरी." भाषा येत नाही हाच तिथे गुण होता. लॅटिन, जर्मन, कसल्या कसल्या जुन्या इंग्रजीतलं पानच्या पान या मुलींनी एकही अर्थ न कळता बिनचूक उतरवून दिलं होतं.

ऑस्ट्रेलियात आल्यावर बायोडेटात सिंथियाने त्या वर्षांसमोर 'डेटा ऑपरेशन्स' असं भारदस्त काहीतरी लिहिलं होतं. टायपिस्ट म्हटलं की लोक कसे बघतात, ते तिला ठाऊक होतं.

ती केरी-ऍनच्या केबिनमध्ये गेली आणि पानाचा फोटो, मजकूर, सगळं समोर ठेवलं. केरी-ऍनने डोकं धरलं. "मग कवितांचे कोपरे सगळे परत टाइप करावे लागतील. आपण मंडळाच्या लोकांना विचारू? त्यांना स्कॉटिश कळतं."

विचारलं. मंडळातल्या तिघांनी हौसेने टाइपही करून दिलं. आणि तिघांनीही ते आपापल्या आजीच्या स्पेलिंगप्रमाणे सुधारून दिलं. एकाने तर खाली टीप लिहिली होती, 'कवीची चूक दुरुस्त केली आहे.' मग केरी-ऍनने हल्लीच्या हुशार एआयला पान दाखवून पाहिलं. तो त्याहून समजूतदार निघाला. त्याने एक कडवं जास्तीचं जोडून दिलं.

"त्यांना कळतंय, हाच तर प्रॉब्लेम आहे," सिंथिया म्हणाली. "आपल्याला न कळणारी माणसं पाहिजेत. केरी, मी सांगितलं नव्हतं कधी. मी नऊ वर्षं टायपिस्ट होते. नुसती टायपिस्ट. आणि माझ्याबरोबरच्या काही जणी आता इथेच आहेत."

केरी-ऍनने टेबलावरचा फोन पुढे ओढला. "नो वरीज, मेट," ती म्हणाली. "मग कुणाला फोन लावायचा?"

सीप्झमधल्या त्या मुलींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, नावच 'डबल की'. नाताळच्या शुभेच्छा, कुणाच्या मुलाचं लग्न, कुणाची सासू गेली, इतपत चालायचं त्यावर. सिंथियाने पहिला फोन वसईच्याच फातिमा डाबरेला लावला. फातिमा सिडनीत हॅरिस पार्कला फ्लॅटमध्ये राहायची आणि पॅरामॅटाला एका डेंटिस्टकडे रिसेप्शनवर बसायची.

"अगं वेडी झालीस का तू?" फातिमा म्हणाली. "माझ्या बोटांना आता फक्त रूट कनाल टाइप करता येतं."

"स्पीड काय होता तुझा?"

"ते सोड." मग हळूच, "ऑपरेटर ऑफ द मंथ चार वेळा. ग्लोरियाला विचार, ती सांगेल."

"शनिवारी ये. ट्रेनने ये, किनाऱ्याकिनाऱ्याने मस्त येते ट्रेन. शोभाला घेऊन ये."

शोभा कारखानीस डोंबिवलीची, हॅरिस पार्कमध्ये घरगुती डब्यांचा व्यवसाय करायची. तिने एवढंच विचारलं, "इंडियन जेवण आहे का तिथे, की मी आणू?" ग्लोरिया ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला. ती म्हणाली, "मी इकडूनच करते. संडेला मास झाला की दुपारी, आर्व्होला, फ्रीच असते मी. पानं पाठव." आणखी दोघी-तिघी मेलबर्नहून, ॲडलेडहून पुढे आल्या. ज्यांना कालपर्यंत नातवंडांच्या फोटोंपलीकडे ग्रुपवर लिहायला काही नव्हतं, त्या एकदम विचारायला लागल्या की पानाचं रेझोल्यूशन काय आहे, आणि ओळ तुटली तर कोणती खूण घालायची.

शनिवारी संग्रहाच्या ट्रेनिंग रूममध्ये फातिमा आणि शोभा एकमेकींकडे पाठ करून बसल्या. सवयच ती. फातिमाने पिशवीतून एक प्लॅस्टिकची फूटपट्टी काढली आणि स्क्रीनवर ओळीखाली धरली. केरी-ऍन दारातून बघत होती. सुरुवातीला बोटं अडखळली, शोभाने दोनदा डोंबिवलीच्या शैलीत कीबोर्डची आईबहीण काढली. मग हळूहळू कीजचा आवाज एकसारखा झाला आणि खोलीत दुसरा आवाज उरला नाही. किती वर्षांनी ऐकत होती सिंथिया हा आवाज, आणि किती वर्षं तिला तो कुणाला सांगायची लाज वाटत होती! या बायकांची बोटं बघायला कुणीतरी तिकीट लावलं पाहिजे होतं.

मध्ये एकदा केरी-ऍनने न राहवून शोभाला विचारलं, "कशाबद्दल आहे ही कविता?"

"काय माहीत," शोभा स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली. "आय डोन्ट रीड, डार्लिंग. वाचलं की चुकते मी."

दुपारी डबे उघडले. फातिमाने वसईचे फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि झणझणीत चिकन इंद्याल आणलं होतं, शोभाने मटार उसळ आणि पोळ्या. केरी-ऍनने फुगा हातात घेऊन दाबून पाहिला, इंद्यालात बुडवला, आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी पुढचा घेतला.

असे शनिवार होत गेले. एकीचं पान दुसरीच्या पानावर ठेवलं की फरक इतके थोडे निघायचे की निकाल द्यायला बसलेली सिंथिया कंटाळायची. तिच्या प्रोग्रॅमला आता पहिल्यांदा खरं अन्न मिळालं होतं, आणि तो जेवायलाही लागला. परके वाटणारे शब्द एकमेकांना ओळखायला लागले. स्कॉटलंडातल्या फाइफचा कामगार आणि उत्तरेकडच्या अबर्डीनचा कामगार एकाच पावसाबद्दल तक्रार करतायत, हे कॉम्प्युटरला कळायला लागलं. इतकंच काय, उत्तरेकडच्या काही माणसांच्या बोलीत ते दोन व खरोखरच एकमेकांची जागा घेतात असं निघालं, आणि सिंथियाने जुना नियम मानाने परत बसवला. केरी-ऍनला तिने ते मुद्दाम दोनदा सांगितलं.

जेस सापडली ती एका बुधवारी, चहाच्या वेळेला. सिंथियाने देवनागरीत उतरवलेल्या पहिल्या ओळीचे आवाज प्रोग्रॅमला दिले, आणि त्याने एकच कविता वर काढली. तिने पानाचा फोटो उघडला. मग आपला कागद शेजारी धरून, एकेक शब्द बोटाने दाबत, मोठ्याने म्हणून पाहिलं. कविता तीच होती. खाली नाव होतं, मोरागबाईंच्या आजोबांचं, खाणीच्या नावासकट. ज्याला सही येत नव्हती म्हणे, त्याचं.

ती रडली. केरी-ऍनसुद्धा रडली. मग सिंथियाने हेलेन्सबर्गला फोन लावला. पलीकडून नेहमीसारखं आलं, "काही?"

"हो," सिंथिया म्हणाली.

मंडळाचं जेवण हेलेन्सबर्गच्या हॉलमध्ये होतं. मोरागबाईंनी निरोप पाठवला होता की टाइप करणाऱ्या बायका आल्याच पाहिजेत. म्हणून फातिमा आणि शोभा साड्या नेसून आल्या, आणि ग्लोरिया तर थेट ब्रिस्बेनहून विमानाने. सगळ्या जणी मागच्या टेबलावर अंग चोरून बसल्या. समोर चौकड्यांचे टाय घातलेले म्हातारे, बटाट्याचं आणि मटणाचं जेवण. मोरागबाईंच्या शेजारी त्यांचा पुतण्या, लालबुंद चेहऱ्याचा, मोठ्याने हसणारा. सिंथियाने छापील पानाची मोठी प्रत काढून आणली होती. तिने ती आधी त्याच्या हातात दिली. त्याने नाव वाचलं, परत वाचलं, आणि त्याचं हसणं गेलं. "सॉरी, आंटी," तो म्हणाला. तसा माणूस वाईट नव्हता.

मग मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले आणि त्यांनी कविता वाचली. मन लावून वाचली त्यांनी, पण होते ते तीन पिढ्यांचे ऑस्ट्रेलियन. शब्द तोंडात लोळत गेले, 'र' विरघळले, घशातून यायचा तो 'ख' कुठेच आला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोरागबाई मात्र बसून राहिल्या होत्या. सिंथियाने त्यांचा चेहरा पाहिला. त्या रुसल्या नव्हत्या. एखाद्याला हवं ते मिळावं आणि तरी काहीतरी हातून निसटावं, तसा तो चेहरा होता.

"शब्द बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "सगळे बरोबर आहेत. थँक यू." मग त्यांनी विचारलं, "हे पान टाइप कुणी केलं होतं?"

"फातिमाने," सिंथिया म्हणाली. "आणि शोभाने."

"मग त्यांच्यापैकी कुणी वाचेल का?"

फातिमाचा चेहरा पडला. डेंटिस्टकडे दिवसातून कितीतरी वेळा तिला फोनवर ऐकावं लागायचं, सॉरी, परत सांगता का, दुसऱ्या कुणाशी बोलता येईल का. ती रोज पडेल आवाजात, शब्द गिळून बोलायची, म्हणजे लोकांना निदान थोडं कळेल. आणि इथे भर हॉलमध्ये, मायक्रोफोनवर? ती सिंथियाच्या कानात कुजबुजली, "लोक हसतील गं मला."

"हसू देत," सिंथिया म्हणाली. "मी आहे."

फातिमा उठली. पदर सारखा केला. कागद हातात घेऊन, काय म्हणायचंय याचा काडीचाही पत्ता नसताना, अक्षर दिसेल तसं वाचायला लागली. पण वसईचं तोंड ते. तिचा 'र' खडखडत आला. 'ओ' सरळ 'ओ' राहिला, 'ए' सरळ 'ए'. आणि ज्या 'ख'पाशी अध्यक्षसाहेब तीन वेळा अडखळले होते, तो तिने असा काढला जसा आपण रोज काढतो. कुणी हसलं नाही. दुसऱ्या ओळीला टेबलावरचे काटे-चमचे वाजायचे थांबले. दुसऱ्या कडव्याला समोरचा एक म्हातारा टाय सैल करून डोळे पुसायला लागला. सिंथियाचा ऊर असा भरून आला की तिला वाटलं, आपल्या गावच्या सगळ्या बायका इथे पाहिजे होत्या.

मोरागबाईंचे ओठ हलायला लागले होते. आधी आवाज नाही, मग बारीक, मग फातिमाच्या बरोबरीने. शेवटच्या कडव्याला, जिथे खाणीतला माणूस घोडीला सांगतो की तुझा न् माझा दिवस रविवारीच उजाडतो, तिथे त्यांनी हात पुढे करून चाचपडत फातिमाचं मनगट धरलं.

"माझी आजी अशीच म्हणायची," त्या म्हणाल्या. "अगदी अशीच. ती गेल्यापासून मी हे ऐकलं नव्हतं." त्यांचं तोंड फातिमाच्या दिशेने वळलं होतं, पण फातिमाची साडी, तिचा रंग, काहीच त्यांना दिसत नव्हतं. "पोरी, तुझं गाव कुठलं?"

"वसई," फातिमा म्हणाली.

मोरागबाईंनी कपाळाला आठी घातली, गाव आठवून पाहिलं.

"वसई," त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं. "म्हणजे फाइफच्या बाजूला का?"

हॉलभर हशा उसळला, पुतण्याचा सगळ्यात मोठा. फातिमा हसली नाही. ती त्यांच्या खुर्चीजवळ वाकली, आणि डेंटिस्टकडे कधी काढला नसेल अशा मोकळ्या, खणखणीत आवाजात म्हणाली, "थोडं पुढे आहे, आजी."

"असेना," मोरागबाई म्हणाल्या. मनगट त्यांनी सोडलं नव्हतं. "परत वाच. सुरुवातीपासून."